छाटताना घड कुठून आले?

सांगलीतल्या आमच्या चर्चच्या चित्रगटाच्या नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

उपासना संपल्यावर चहाला सहाजण मागे थांबलो. मी, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं बसवण्यात उभी हयात घालवलेली ड्रॉइंगची बाई. तासगावकडचा एक बागायतदार. कोल्हापुरात चित्रकला शिकला, वडील गेले आणि द्राक्षबागेत अडकला. कलामहाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली. फ्लेक्सचं डिझाइन करणारा एक तरुण. आणि महिला मंडळाच्या मावशी. त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं, "मला चित्रातलं काही कळत नाही. पण चहा मी करणार, तर ऐकणारही मीच."

विषय मीच काढला. आमच्या चर्चमध्ये चित्र म्हणून जे आहे ते एकच: कॅलेंडरमधून कापून फ्रेम केलेला येशू, खांद्यावर तपकिरी केस, कपाळावर उजेड. वॉर्नर सॉलमन नावाच्या शिकागोच्या चित्रकाराचं १९४० सालचं चित्र ते. त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या, त्यातली एक सांगलीला पोचली. चित्राशी माझं वैर नाही. पण शब्बाथ शाळेत इतकी वर्षं बघते आहे, येशू रंगवायला पोरं 'स्किन कलर'चा खडू शोधतात आणि येशूला दगा देणाऱ्या यहूदाला चॉकलेटी. स्वतःच्या हाताचा रंग कुठला, हे विचारलं की गप्प बसतात.

दुसरं म्हणजे, आमचे शब्द कधीचेच मराठी झालेत. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण ओवीत छापलं गेलं ते १६१६ साली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये आणलं, १९१७ साली इथून जवळ साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा भक्तसमाज मांडला. आज आमच्याकडे टाळ-पेटीशिवाय गाणं उभं राहत नाही. भिंत तेवढी शिकागोत राहिली.

ठरलं ते इतकंच: उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, १८ एप्रिलला, चर्चमध्ये एक नवं चित्र लागेल. फक्त एक. गटाला नाव, शिक्का, लेटरहेड काही नाही. नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो.

१७ नोव्हेंबर

भिंत तपासली. दगडी, चुन्यातली जुनी इमारत. मागे कधीतरी कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइल पेंट मारला. २०१९च्या महापुराचं पाणी आत शिरलं होतं, ती ओल अजून बाहेर पडायला वाट शोधते आहे. चुना श्वास घेतो, ऑइल पेंट घेऊ देत नाही. मग क्षार पृष्ठभागाशी येऊन फुलतात आणि पापुद्रे सुटतात. फ्लेक्सवाल्याने नाण्याने ठोकून पाहिलं. कमरेच्या उंचीपर्यंत सगळं पोकळ वाजतं.

भित्तिचित्राचा विचार तिथेच संपला. मरीन प्लायवर चार बाय सहा फुटांचं पटल करायचं, मागून पट्ट्या मारून. मुलींचे चेहरे पडले. मला मात्र आतून बरं वाटलं, का ते पुढच्या नोंदीत.

१ डिसेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

निवडणुकीमुळे लांबलेली पंच कमिटीची बैठक आज झाली. पाळकसाहेब आमच्या बाजूने, पण उघड नाही.

एक वडील बायबलातल्या निर्गमाचा विसावा अध्याय घेऊनच आले होते: कोरीव मूर्ती करू नको, कशाचीही प्रतिमा करू नको. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथल्या बऱ्याच घरांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी देव्हारा उतरवण्याची किंमत मोजली आहे. नातेवाईक तुटले, पाणवठे तुटले. त्यांच्या नातवाला चित्र बघून अंगावर काटा येत असेल तर त्याला अडाणी म्हणणारी मी कोण?

तरी मी त्याच पुस्तकाचा एकतिसावा अध्याय काढला. तिथे देव बसालेल नावाच्या कारागिराला आत्म्याने भरतो. उपदेश करायला नव्हे, सोनं-रुपं-लाकूड घडवायला. महायाजकाच्या झग्याच्या घेराला डाळिंबं लावायची असंही लिहिलंय, शलमोनाच्या मंदिराच्या खांबांवरही डाळिंबं होती. मावशी दारातून म्हणाल्या, "म्हणजे आटपाडीचीच की!" सगळे हसले. ठराव मात्र झाला नाही.

शेवटी वळण मिळालं ते वचनाने नाही. कमिटीतले सगळ्यात कमी बोलणारे गृहस्थ म्हणाले, "भिंतीवर काढणार, की काढून ठेवता येणार?" काढून ठेवता येणार म्हटल्यावर खुर्च्या सैल झाल्या. क्षारांनी फुगलेल्या भिंतीचे आभार. कच्चं चित्र आधी मंडळीला दाखवायचं, या अटीवर परवानगी.

८ डिसेंबर

संध्याकाळी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून चित्रं दाखवली. लोक जेवणाआधी घरी जायच्या घाईत, म्हणून पाचच.

आधी मोगल दरबारातली मरिया. १५८० साली जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे गेले, सोबत अँटवर्पला छापलेलं अनेकभाषी बायबल होतं. तसली छापचित्रं बघून बादशहाच्या चिताऱ्यांनी मरिया आणि येशू काढले. मग जामिनी रॉय. हा माणूस ख्रिस्ती नव्हता, तरी बंगाली पटाच्या ठसठशीत रेषेत त्याने ख्रिस्त पुन्हा पुन्हा काढला. लखनौला शिकलेले फ्रँक वेस्ली. पुण्यात जन्मलेले, पुढे बंगळूरजवळ कलाश्रम उभारणारे ज्योती साही. आणि शेवटी अँजेलो दा फोन्सेका, ज्यांच्यासाठी मी हा खटाटोप केला होता.

फोन्सेका गोव्याचे, जन्म १९०२. शांतिनिकेतनात शिकले, चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य. लुगड्यातली सावळी मरिया काढली म्हणून गोव्यात लोक खवळले, तेव्हा ते पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ साली जाईपर्यंत काढत राहिले. पुणे आम्हाला केवढं लांब? रात्रीची एसटी. तरी हॉलमधल्या एकालाही हे नाव माहीत नव्हतं. मलाही ते पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि मी चित्रकला शिकवत होते.

प्रतिक्रिया: एका आजींना लुगड्यातली मरिया "आपल्यातली" वाटली. त्यांच्या सुनेला तीच "आपल्यातली" म्हणूनच खटकली. "देवळात आल्यावर तरी घरचं विसरायला मिळावं की नाही?" हे मी लिहून घेतलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

२२ डिसेंबर

नाताळ. कुणाला वेळ नाही. फ्लेक्सवाल्याने गेटसाठी बारा बाय आठचा फ्लेक्स केला, त्यात सांताक्लॉज पाळकसाहेबांपेक्षा मोठा. त्याला कुठलीही कमिटी बसली नाही.

१२ जानेवारी २०२५

विषय ठरला. बागायतदार महिनाभर गप्प होता, आज म्हणाला, "मला एकच गोष्ट नीट येते, वेल काढायला." योहानाचा पंधरावा अध्याय. मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे. (बायबलात द्राक्षवेल पुल्लिंगी. तासगावात ती वेल. यावर दहा मिनिटं गेली.)

मुलींना वाटतं रंग इथले हवेत. पिवळा हळदीचा, कारण सांगली आणि हळद. मी म्हटलं चाचणी घ्या. पट्टीवर हळद, पिवडी आणि ट्यूबमधला यलो ओकर असे तीन पट्टे ओढले, अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकली, आणि चर्चच्या दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवली.

२६ जानेवारी

कच्चं चित्र मंडळीला दाखवलं. आजच्या दिवसावर वेगळी वही लिहिता येईल.

चित्र असं: डावीकडून आडवा गेलेला जाड वेल, खाली लोंबणारे टपोरे घड, मध्ये माळ्याचे दोन हात कात्री घेऊन फांदी छाटताना. फोडणी द्यावी तसा वरून सोनेरी उजेड. मला ते बरं वाटलं होतं. मुलींनाही. बागायतदार मागे भिंतीला टेकून उभा, मान खाली. मला वाटलं लाजतोय.

आम्ही तयार होतो मूर्तिपूजेच्या आक्षेपाला. पहिला प्रश्न आला तो मागच्या बाकावरच्या, सावळजकडून येणाऱ्या एका आजोबांचा.

"हे छाटायलेत कवा?"

कुणाला कळेना.

"नाही म्हंजे, एप्रिलची खरड छाटणी हाय का ऑक्टोबरची? खरड असंल तर घड कुठनं आलं? माल तर आधीच उतरला. आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असंल तर घड अजून यायचंय. छाटताना घड असत्यात व्हय वेलीवर?"

हॉलमध्ये क्षणभर शांतता, आणि मग जे सुटलं ते सुटलं. बागा असलेली निम्मी मंडळी पुढे आली. काडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, किती ठेवलेत? ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, असा वर चढतो का कुठे? वेल चढवायचा इंग्रजी वायसारखा सांगाडा कुठाय, तार कुठाय? ही वेल तर जंगलात वाढल्यासारखी दिसते. एक ताई म्हणाल्या, पान थॉमसन जातीच्या द्राक्षाचं नाही. एकाने मोबाईल काढून स्वतःच्या प्लॉटचा फोटो चित्राला लावून धरला.

इतक्या वर्षांत या चर्चमध्ये कुणी चित्राच्या इतकं जवळ गेलेलं मी पाहिलं नव्हतं. सॉलमनच्या येशूची कुणी कधी चूक काढली नाही, कारण त्याच्याशी कुणाचा व्यवहारच नव्हता.

नंतर बागायतदाराला धरलं. तुला हे माहीत नव्हतं? म्हणाला, "माहीत होतं, बाई. पण चित्रात असंच काढतात ना." पुस्तकांतल्या युरोपियन चित्रांत घड आणि कात्री एकत्र असतात, म्हणून त्यानेही काढले. स्वतःच्या बागेत असं कुणी केलं असतं तर त्याने हाकलून दिलं असतं. शाळेत मी किती पोरांना डोंगरामागून उगवणारा सूर्य काढायला शिकवला, ते आठवून मी पुढे बोलले नाही.

९ फेब्रुवारी

चाचणीचा निकाल. खिडकीतली पट्टी उघडली. पुठ्ठ्याखालची हळद झगझगीत पिवळी, बाहेरची जुन्या वर्तमानपत्रासारखी. चार आठवड्यांत. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे ज्यांच्या साड्यांवर डाग पडलेत त्या सगळ्या बायकांना माहीत असतं. डाग घालवायला साडी उन्हात टाकायची. पिवडी आणि ओकर दोन्ही जशीच्या तशी. शेवटी ती माती, तिला उन्हाची सवय.

मुलगी हिरमुसली. मग म्हणाली, ईस्टरआधीच्या उपासकाळात रोज थोडं फिकट होत जाणारं चित्र मुद्दाम केलं तर? मी वहीत लिहून ठेवलं. वेड्यासारखं आहे, पण वाईट नाही.

आज तासगावला त्याच्या बागेत गेलो. माल उतरवणं चालू होतं, क्रेटच्या थप्प्या, टेम्पो. त्याला बोलायला फुरसत नव्हती. मुलींनी सांगाडा, तारा, ओलांडे यांची रेखाटनं केली. दुपारी झाडाखाली बसून त्याने मागच्या एप्रिलचे मोबाईलमधले फोटो दाखवले: खरड छाटणी झालेली बाग. पान नाही, घड नाही. तारेवर नुसते ओलांडे आणि एकेक-दोनदोन डोळ्यांचे खुंट. अनोळखी माणसाला वाटावं, बाग मेली. एका फोटोत छाटलेल्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. वेल छाटली की कापल्या जागेतून पाणी ठिबकतं, त्याने सांगितलं, जमिनीवर ओले ठिपके पडतात.

मी विचारलं, छाटणी कधी आहे यंदा?

"एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात."

उत्तम शुक्रवार अठराला. आम्ही दोघंही गप्प बसलो. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. चित्र तिथेच ठरलं.

१६ फेब्रुवारी

मिरज. चौकटीसाठी सतारमेकर गल्लीत गेलो. तंबोऱ्याच्या भोपळ्याला दांडी जिथे जुळते तिथे लाकडी पानं कोरून बसवतात, तशी पानं मला चौकटीच्या चार कोपऱ्यांना हवी होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर चाचा म्हणाले, कागद आला, पोरं मात्र पुण्याला नोकरीला गेली.

तुणीच्या लाकडाचा तुकडा हातात घेऊन त्यांनी विचारलं, पान कुठलं? द्राक्षाचं म्हटल्यावर म्हणाले, द्राक्षाचं कधी कोरलं नाही, खरं पान आणून द्या. पैशाचं विचारलं तर म्हणाले, इबादतीच्या जागेचं काम आहे, लाकडाचे द्या. आम्ही मजुरीचेही दिले. फुकट कामाने कारागीर मरतो. चर्चला हे कुणीतरी सांगायला हवं. आमच्या मंडळीतल्या पेंटरला गेल्या पाच रंगकामांत "प्रभूची सेवा" याखेरीज काही मिळालेलं नाही.

२ मार्च

दुसरं कच्चं चित्र. घड काढले, पानं काढली, सोनेरी उजेड काढला. आता उघडा वाय सांगाडा, त्यावर पसरलेले ओलांडे, दोन हात, कात्री, आणि नुकत्याच कापलेल्या टोकाला एक थेंब. सांगाड्याचे खांब आणि आडवी पट्टी क्रुसासारखी दिसावीत म्हणून ओढाताण करायची नाही, असं ठरवलं होतं. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

सावळजचे आजोबा पुढे आले. चष्मा लावून डोळे मोजले. "आत्ता बरोबर."

पण पंच कमिटीत नवीनच अडचण. डिसेंबरात विसावा अध्याय घेऊन आलेले वडील म्हणाले, "यात येशू कुठे आहे?"

मला हसू आवरेना. पाळकसाहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, आपल्या बायबलात माळी फाट्याला "साफसूफ करतो" असं आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ स्वच्छ करणं, आणि तेच छाटणीलाही लागू होतं. हे पटल समोर असेल तर त्यावर मी उत्तम शुक्रवारी बोलेन. एका मताच्या फरकाने मंजूर.

५ मार्च, राखेचा बुधवार (उपासकाळाचा पहिला दिवस)

प्रभुभोजनाच्या मेजावर आज जांभळी वाकळ घातली. हे आमच्या यादीतच नव्हतं. महिला मंडळाच्या बायकांनी जानेवारीपासून घरोघरच्या जांभळ्या, वांगी, मोरपंखी जुन्या साड्या गोळा केल्या आणि मावशींच्या ओसरीवर बसून धावदोऱ्याने शिवल्या. कडेला उलटसुलट टाके, मध्ये चौकोनात चौकोन. एका चौकोनाला जरीचा तुकडा आहे, तो कुणाच्या लग्नातल्या शालूचा. कुणाच्या, ते विचारायचं नाही असं मावशींनी बजावलं.

आमच्या पटलापेक्षा ती कितीतरी सरस आहे, हे मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून लिहिते. रंगांची उतरंड बघावी. आणि तिला ना ठराव लागला, ना कच्चं चित्र, ना निर्गमाचा अध्याय. वाकळीला कुणी चित्र म्हटलं नाही, म्हणून ती सरळ मेजापर्यंत गेली. मलाही नोव्हेंबरात सुचलं नव्हतंच; सहाजणांच्या बैठकीत मावशींना मी चहावाल्या म्हणून धरलं होतं.

२३ मार्च

रंगकाम चालू. पार्श्वभूमी पिवडी आणि गेरू, वर ॲक्रिलिक. काळ्या मातीचा रंग जमत नाही, निळा जास्त पडतो. थेंब तीनदा पुसला. एका मुलीने त्यात सगळ्या बागेचं प्रतिबिंब काढलं होतं, कौशल्य म्हणून अप्रतिम, पण चित्राकडे लक्षच जाईना. पुसायला लावला तेव्हा रडली. बागायतदार तिला म्हणाला, "डोळा राखायचा तर बाकीचं काढावं लागतं." मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तसा तो गडबडीने ब्रश धुवायला गेला.

हातांबद्दल: माळ्याचे हात बागायतदाराच्या स्वतःच्या हातांवरून काढायचे होते. पण ते नीट दिसेनात. शेवटी त्याने बागेत छाटणीला येणाऱ्या टोळीतल्या एका मावशींचे हात फोटोवरून काढले. बोटांच्या पेरांवर कात्रीचे घट्टे, काचेच्या बांगड्या वर सरकवलेल्या. बांगड्या आम्ही गाळल्या. हे पंचांना सांगितलेलं नाही, आता वाचतीलच.

६ एप्रिल

मिरजेहून चौकट आली. चार कोपऱ्यांना चार पानं, चौथं जरा वाळलेलं आणि कडेला वळलेलं. चाचांना आम्ही दिलेलं पान दोन दिवसांत सुकलं, आणि त्यांनी जसं दिसलं तसं कोरलं. चारांत तेच उत्तम.

बागेत छाटणी झाली. बागायतदार थकून आला, तळहात सोललेले. पटलासमोर बसला आणि थेंबाला फक्त पांढऱ्याचा एक ठिपका देऊन उठला.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

बारा ते तीन उपासना. पटल व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, खिडकीचा उजेड तिरपा पडेल असं टांगलं. सॉलमनचा येशू जागेवरच ठेवला, त्याला कुणी हात लावलेला नाही.

पाळकसाहेब "मला तहान लागली आहे" या वचनावर आले, तेव्हा त्यांनी थेंबाकडे बोट दाखवलं, दोन वाक्यं बोलले आणि पुढे गेले. एवढंच. मला जास्त अपेक्षा होती. घरी जाताना वाटलं एवढंच बरं. उपासनेनंतर लोक रांगेने पुढे आले. लहान मुलं थेंबाला बोट लावून बघत होती ओला आहे का. डिसेंबरातली ती सून आली, "देवळात आल्यावर घरचं विसरायला मिळावं" म्हणणारी. बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही, मी विचारलं नाही.

विसाव्या अध्यायाचे वडील शेवटच्या बाकावर बसून होते. चर्च रिकामं झाल्यावर उठले, पटलापर्यंत न जाता मेजाजवळ गेले, आणि वाकळीचं एक टोक सरळ केलं.

२७ एप्रिल

हिशेब पाळकसाहेबांकडे दिला. चौकट आणि प्लाय यांतच बहुतेक पैसे गेले, रंग त्यामानाने स्वस्त.

चूक: पटलाला प्रायमर फक्त पुढून मारला होता. उन्हाळ्यात मागून लाकूड सुकलं आणि मधे अर्धा इंच बाक आला. मागच्या बाजूलाही तेवढेच हात मारायला हवे होते. शाळेत ड्रॉइंग बोर्डाबाबत मी हेच ओरडून सांगायचे. मागून तिसरी आडवी पट्टी मारावी लागेल.

हंगामाच्या सणाला काय करायचं यावर बैठक बोलवायची आहे. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या या खेपेला चहा दुसऱ्याने करायचा. बागायतदार फोन उचलत नाही. बागेत फुटवे आलेत. विरळणी झाली की येतो, असा निरोप आहे.